जपान : नवख्या प्रवाशाला कितपत सुरक्षित?

परदेशगमनाचा बेत जाहीर झाला की शुभेच्छांपेक्षा धास्तीच अधिक पदरी पडते, हा अनुभव आमच्या अनेक वाचकांस असेल. गेल्या वर्षी चैत्रात आम्ही उभयता जपानला जावयास निघालो, तेव्हा आमच्या वाट्यासही तो पुरेपूर आला. "तिकडे जमीन रोज हलते म्हणे!" असे दांडिया बाजारातील आमचे जुने शेजारी म्हणाले. पलीकडच्या काकूंना निराळीच काळजी. "भाषेचा गंध नाही. चुकलात तर विचाराल कुणाला?" परंतु आमची कन्या टोकियोस नांदते, तिचे पहिलेच बाळंतपण, तेव्हा न जाण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही आमची सत्तरी जवळ आलेली, सौ.ना मधुमेह, आणि हा आमचा पहिलाच परदेश. शिवाय २६ जानेवारी २००१ च्या सकाळी भूजच्या भूकंपाने बडोद्यातील आमचे घर कसे हलले होते, ते आम्ही विसरलो नव्हतो. शेजाऱ्यांच्या बोलण्यावर आम्ही हसलो खरे. मनातून मात्र चरकलो होतो.

पहिली परीक्षा घरीच झाली, आणि ती औषधांची होती. आपल्याकडे दुकानात सहज मिळणारी काही औषधे जपानमध्ये नेणे गुन्हा ठरते. ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक कोडीन असलेली खोकल्याची औषधे आणि स्यूडोएफेड्रीन असलेल्या सर्दीच्या काही गोळ्या त्यांपैकीच होत. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधेही एका महिन्याच्या वापरापुरतीच नेता येतात. अधिक न्यावयाची तर तेथील आरोग्य खात्याचा दाखला आगाऊ काढावा लागतो. आम्ही अडीच महिने राहणार होतो. कन्येने वेळीच बजावले म्हणून सौ.च्या इन्सुलिनचा दाखला हाती आला आणि खोकल्याची बाटली पेटीतून बाहेर निघाली. ती तशीच गेली असती, तर भूकंपाच्या आधी विमानतळावरच आमच्यावर संकट ओढवले असते!

तेथे पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात नवल वाटले ते लहान मुलांचे. पाठीवर चौकोनी दप्तर घेतलेली सहा-सात वर्षांची मुले आईबापांवाचून शाळेस जातात, प्रसंगी आगगाडीनेही जातात. चौकाचौकांत 'कोबान' नावाची इवलीशी पोलीसचौकी असते. तिच्यातील शिपायाचा निम्मा दिवस वाट विचारणाऱ्यांना नकाशा दाखविण्यात जातो. काकूंच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला तेथे मिळाले.

एके दिवशी सौ.ची कापडी पिशवी गाडीतील फळीवर राहिली. तीत पैशाचे पाकीट होते, चष्मा होता आणि नातवंडासाठी विणावयास घेतलेले टोपडे होते. स्टेशनातील कर्मचाऱ्याने कोणती गाडी, किती वाजता, कितवा डबा एवढेच विचारले व दूरध्वनी केला. तासाभरात पिशवी शेवटच्या स्थानकावर सापडली. पाकिटातील एक येनही कमी नव्हता. याला आम्ही योगायोग म्हटले असते, परंतु २०२३ या एका वर्षात टोकियोच्या पोलिसांकडे चाळीस लाखांहून अधिक हरवलेल्या वस्तू जमा झाल्या होत्या. तीन महिन्यांत मालक न आल्यास सापडलेल्या वस्तूवर बहुधा सापडविणाऱ्याचा हक्क होतो आणि मालक आला तर त्याने बक्षिसी द्यावी, अशी कायद्यातच तरतूद आहे. प्रामाणिकपणाला तेथे अशी रीतसर वाट करून दिलेली आहे.

तथापि हे रामराज्य नव्हे. गर्दीच्या गाड्यांत स्त्रियांची छेडछाड होते, म्हणूनच कित्येक मार्गांवर सकाळच्या वेळी त्यांच्यासाठी स्वतंत्र डबे असतात. टोकियोतील काबुकिचोसारख्या रात्रीच्या वस्तीत गोड बोलून मद्यगृहात नेणारे दलाल उभे असतात. त्यांच्या मागे गेलेल्याच्या हाती अवाच्या सवा बिल पडते, क्वचित पेयात गुंगीचे औषधही घातले जाते. रस्त्यावरच्या दलालाबरोबर जाऊ नये, एवढे पथ्य पुष्कळ आहे. परकीय प्रवाशाने पारपत्र सदैव जवळ बाळगावे, असा तेथील कायदा आहे. इस्पितळाचा सारा खर्च पाहुण्याला पदरचा करावा लागतो, म्हणून प्रवासाचा विमा उतरविल्यावाचून निघू नये. पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिका व अग्निशामक दलासाठी ११९ हे दोन क्रमांक पाठ असावेत.

आता भूकंपाविषयी. आम्ही पोहोचलो त्याच संध्याकाळी, सामानाच्या पेट्या उघडण्यापूर्वीच, कन्येने आम्हांला जवळच्या शाळेच्या पटांगणापर्यंत चालवीत नेले. मोठा भूकंप झाल्यास आसरा घेण्याची जागा ती. "बाबा, इथं घाबरायचं नाही, पण विसरायचंही नाही," असे ती म्हणाली. हादरे बसू लागताच बाहेर धावू नये, मेजाखाली बसून डोके सांभाळावे. हादरे थांबल्यावर दार उघडून ठेवावे, कारण चौकट वाकली तर दार अडकते. समुद्रकाठी असल्यास सूचनेची वाट न पाहता उंच जागा गाठावी. हे सारे तिने आमच्याकडून वदवून घेतले.

तिसऱ्या आठवड्यात मध्यरात्री ती वेळ आली. प्रथम कपाटातील भांडी किणकिणली, मग छताचा दिवा झुलू लागला. सौ.नी आमचा हात घट्ट धरला. आठ महिने भरलेली आमची लेक अवघडलेल्या अंगाने मेजाखाली बसत होती, ते दृश्य आम्ही विसरणार नाही. अर्ध्या मिनिटात सारे शांत झाले. थोड्याच वेळात दूरचित्रवाणीवर गावोगावची तीव्रता झळकली. आमच्या भागी ३ हा आकडा होता. तेथे ही मोजणी शून्यापासून ७ पर्यंत करतात. इतक्यात दारावरची घंटा वाजली. शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजीबाई हाती विजेरी घेऊन उभ्या होत्या. "दाइजोबु?" म्हणजे 'ठीक आहात ना?' एवढेच त्यांनी विचारले, कन्येकडे एकवार निरखून पाहिले आणि वाकून निघून गेल्या.

या शांतपणाची किंमत त्या देशाने मोजलेली आहे. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात व आगीत टोकियो-योकोहामा परिसरात लाखावर माणसे गेली. तोच दिवस आज आपत्तीशी सामना करण्याच्या सरावाचा दिवस म्हणून पाळला जातो. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे परिसरात सहा हजारांवर माणसे मेली, ती बहुतांशी जुन्या घरांखाली. १९८१ च्या कडक नियमांनुसार बांधलेल्या इमारती त्या मानाने तगल्या. ११ मार्च २०११ च्या ९.० क्षमतेच्या भूकंपात बहुतेक बळी समुद्राच्या लाटांनी घेतले. १ जानेवारी २०२४ रोजी नोतो द्वीपकल्पात पुन्हा जुनी लाकडी घरे कोसळली. तेव्हा जपानमध्ये धोका नाही असे कोणी म्हणू नये. धोका आहे, तो सर्वांना ठाऊक आहे आणि त्याची तयारी घरोघर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. जपानच्या मानाने तो भूकंप लहानच होता.

यथावकाश नातू झाला, टोपडे त्याला बेताचे बसले आणि आम्ही सुखरूप परतलो. नवख्याला जपान सुरक्षित आहे काय, असे आता कोणी विचारले, तर आम्ही होय म्हणतो आणि लगेच औषधांची यादी मागून घेतो.

येताना त्या आजीबाईंचा निरोप घ्यावयास गेलो, तेव्हा त्यांच्या दारामागे एक पिशवी टांगलेली दिसली. पाणी, विजेरी, लहान रेडिओ, शिट्टी, औषधे आणि सुके खाणे असे तीत होते. बडोद्यास येताच तशीच एक पिशवी आम्ही दारामागे अडकविली. काकू प्रथम हसल्या. परवा मात्र कागद-पेन्सिल घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, त्या पिशवीत काय काय ठेवलंत, ते जरा सांगा बघू."