मूत्रपिंडाच्या गाळणीचे पहारेकरी

अंधेरी किंवा बोरिवली येथील गृहिणी सकाळीं नळ सोडते, तेव्हां त्या पाण्यामागें भांडुपच्या विशाल शुद्धीकरण केंद्राचे श्रम उभे आहेत, हें तिच्या क्वचितच ध्यानांत येतें. वैतरणेच्या खोऱ्यांतील पाणी तेथें गाळलें जातें. परंतु गाळणी उत्तम असून भागत नाहीं. पाण्याचा वेग व दाब बेताचा राहावा म्हणून अहोरात्र पहारा ठेवावा लागतो. मूत्रपिंडांचा कारभारही याच तत्त्वावर चालतो. मात्र तेथील पहारेकरी म्हणजे पेशींच्या आवरणांत बसलेले प्रथिनांचे सूक्ष्म रेणू होत.

मनुष्याच्या शरीरांत रक्त असतें अवघें पांच लिटरच्या आसपास. पण दोन्ही मूत्रपिंडें मिळून दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर द्रव गाळतात. त्यांतील बहुतेक सर्व द्रव रक्तांत परत घेतला जातो, आणि दीड लिटरच्या सुमारास मूत्र बाहेर पडतें. प्रत्येक मूत्रपिंडांत केशवाहिन्यांचे सुमारें १० लक्ष गुच्छ असतात. या केशवाहिन्यांभोवतीं ज्या पेशींचा वेढा असतो, त्यांना पायांसारखे फांटे फुटलेले असल्यामुळें त्यांस पदपेशी म्हणतां येईल. दोन्ही हातांचीं बोटें एकमेकांत गुंफावींत, तसे शेजारच्या पेशींचे फांटे गुंफलेले असून मधल्या फटींत प्रथिनांचा पडदा ताणलेला असतो. पाणी, क्षार व युरिया त्यांतून पार होतात. आल्ब्युमिन हें मोठें प्रथिन मात्र अडतें. पदपेशी एकदां नष्ट झाली, कीं तिची जागा भरून निघणें फार कठीण.

या पेशींना शरीराच्या इतर भागांतून निरोप येत असतात. ते स्वीकारणाऱ्या रेणूंना इंग्रजींत 'रिसेप्टर' म्हणतात. मराठींत त्यांना 'ग्राही' हें नांव आहे. कुलपाला जशी त्याचीच किल्ली लागते, तसा प्रत्येक ग्राही आपल्याच निरोप्याला ओळखतो.

ग्राहींचें पहिलें काम गाळणीची वीण शाबूत राखण्याचें. इन्शुलिन केवळ साखरेची व्यवस्था पाहतें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु २०१० सालीं ब्रिस्टल येथील शास्त्रज्ञांनीं उंदरांच्या पदपेशींतून इन्शुलिनचा ग्राही नाहींसा केला, तेव्हां रक्तांतील साखर बेताची असूनही त्या उंदरांच्या मूत्रांत आल्ब्युमिन झिरपूं लागलें. इन्शुलिनचा निरोप पोंचणें हें गाळणीच्या आरोग्यालाही आवश्यक आहे, हें यावरून सिद्ध झालें.

दुसरें काम दाब सांभाळण्याचें. प्रत्येक गुच्छांत रक्त आणणारी एक वाहिनी व नेणारी दुसरी, अशा जणू दोन तोट्या असतात. गाळण फार वेगानें होऊं लागली, तर मूत्रनलिकेंतील पेशी वाढलेला क्षार ओळखतात; त्यांच्या निरोपानें आवक वाहिनीवरील ॲडिनोसिनचे ग्राही ती तोटी आवळतात. उलट दाब उतरला, तर अँजिओटेन्सिन हा निरोप्या आपल्या ग्राहींकरवीं जावक तोटी आवळून गाळण चालू ठेवतो. हा सेवक संकटकाळीं तारक असतो. पण मधुमेहांत त्याचा अंमल सतत चालू राहिला, कीं दाबाखालीं गाळणीच फाटूं लागते. ब्राझीलमधील एका सर्पाच्या विषाच्या अभ्यासांतून निघालेलें कॅप्टोप्रिल हें औषध अँजिओटेन्सिन तयार होणें रोखतें. तें मधुमेही मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावतें, असें १९९३ सालीं दिसून आलें. लोसार्टन त्याच्या ग्राहीलाच अडवतें; त्याचाही असाच गुण २००१ सालीं प्रत्ययास आला.

येथेंच घरोघरच्या एका संवयीचा विचार केला पाहिजे. गुडघा दुखला, कीं औषधांच्या दुकानांतून गोळी आणून घेणें हें नित्याचें झालें आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनाक यांसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन निर्माण होऊं देत नाहींत. आणि संकटांत आवक तोटी उघडी राखणारा निरोप्या तोच असतो. जुलाबांनीं किंवा उन्हानें शरीर शुष्क झालें असतां, त्यांतून रक्तदाबाचें वरील औषध चालू असतां, अशा गोळ्या घेतल्यास दोन्ही तोट्यांवरचा पहारा एकदमच उठतो.

तिसरें काम शत्रूची चाहूल घेण्याचें. २६ जुलै १९०५ नव्हे, तर अलीकडच्याच २६ जुलै २००५ च्या प्रलयांत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पुढें मुंबईंत लेप्टोस्पायरोसिसची सांथ आली. उंदरांच्या मूत्रांतील हे जंतू सांचलेल्या पाण्यांतून, पायावरच्या लहानशा जखमेवाटेंही शरीरांत शिरतात व मूत्रपिंड गांठतात. तेथील नलिकांच्या पेशींवरील 'टोल' जातीचे ग्राही त्यांना ओळखून हांक देतात. ही हांक रक्षणाचीच. परंतु ती अनावर झाली, तर दाहानें मूत्रपिंडच बंद पडतें. म्हणून पुराच्या पाण्यांतून आलेल्या माणसाला ताप भरल्यास वैद्याकडे जाण्यास विलंब लावूं नये.

तात्पर्य, जो ग्राही मर्यादेंत असतां रक्षण करतो, तोच मर्यादा सुटली असतां घात करतो. आणि गाळणीची झीज दुखत नाहीं, हाच मोठा धोका. यास्तव मधुमेह वा रक्तदाब असलेल्या प्रत्येकानें वर्षांतून एकदां तरी मूत्रांतील आल्ब्युमिन व रक्तांतील क्रिएटिनिन तपासून घ्यावें, चालू औषधें आपल्या मनानें सोडूं नयेत, आणि वेदनाशामक गोळी वैद्याला विचारल्यावांचून घेऊं नये. पहारेकरी मुके आहेत; त्यांची खबर या साध्या तपासणींतूनच मिळते.