दीर्घिकांचे तारकीय वस्तुमान फलन

दीर्घिकांचे तारकीय वस्तुमान फलन म्हणजे विश्वाच्या ठरावीक घनफळात कोणत्या तारकीय वस्तुमानाच्या किती दीर्घिका आढळतात, हे दर्शविणारे वितरण होय. दीर्घिकेतील सर्व ताऱ्यांच्या एकत्रित वस्तुमानास तारकीय वस्तुमान म्हणतात. त्यात वायू व कृष्णद्रव्य धरत नाहीत. आपल्या आकाशगंगेचे तारकीय वस्तुमान सूर्याच्या सुमारे ५,००० कोटी पट आहे.

वर्णपटीय सर्वेक्षणे

अंतर कळल्याशिवाय दीर्घिकेची खरी दीप्ती काढता येत नाही. वर्णपटातील रेषांच्या ताम्रसृतीवरून हे अंतर मिळते. अमेरिकेतील अपाचे पॉइंट वेधशाळेच्या २.५ मीटर दुर्बिणीने २००० मध्ये सुरू झालेले स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे आणि ऑस्ट्रेलियातील ३.९ मीटर अँग्लो-ऑस्ट्रेलियन दुर्बिणीवरील 'गामा' ही यातील प्रमुख सर्वेक्षणे आहेत. प्रकाशतंतूंच्या साहाय्याने त्यांत एकाच वेळी शेकडो वर्णपट घेतले गेले. स्लोनमध्ये एका वेळी दोन तंतू ५५ विकलांपेक्षा जवळ बसवता येत नसल्याने दाट समूहांतील काही दीर्घिका सुटत. गामाने प्रत्येक क्षेत्राचे अनेक वेळा निरीक्षण करून ही उणीव बरीचशी भरून काढली.

वस्तुमानाचा अंदाज

तरुण, निळ्या ताऱ्यांचे थोडे वस्तुमानही पुष्कळ प्रकाश देते. तितक्याच प्रकाशासाठी जुन्या, तांबूस ताऱ्यांचे बरेच अधिक वस्तुमान लागते. म्हणून दीप्तीबरोबर रंगही मोजून त्यांची तुलना सैद्धांतिक प्रतिकृतींशी करतात. ताऱ्यांच्या जन्मवेळी लहान व मोठ्या ताऱ्यांचे प्रमाण काय असते, हे यात गृहीत धरावे लागते. सॅल्पीटर (१९५५) यांचे प्रमाण घेतल्यास शाब्रिये (२००३) यांच्या प्रमाणापेक्षा वस्तुमान दीडपटीहून अधिक येते.

मोजणीतील दुरुस्ती

तेजस्वी दीर्घिका दूरवरूनही दिसतात, अंधुक दीर्घिका मात्र जवळच्याच दिसतात. त्यामुळे नुसती मोजणी फसवी ठरते. एखादी दीर्घिका दुसरीच्या दुप्पट अंतरापर्यंत दिसत असेल, तर ती आठपट घनफळातून निवडली जाते. म्हणून तिला एक-अष्टमांश भार देतात. ही पद्धत मार्टेन श्मिट यांनी १९६८ मध्ये क्वेसारांच्या अभ्यासात वापरली होती.

निष्कर्ष व महत्त्व

वितरणाचे वर्णन पॉल शेक्टर यांनी १९७६ मध्ये दीप्तीसाठी मांडलेल्या सूत्राने करतात. कमी वस्तुमानाच्या दीर्घिका संख्येने अधिक असतात. ठरावीक मर्यादेपलीकडे संख्या झपाट्याने घटते. गामाच्या २०१२ मधील विश्लेषणात ही मर्यादा सुमारे ४,५०० कोटी सूर्यवस्तुमाने आली, तसेच अशा दोन सूत्रांची बेरीज आवश्यक ठरली.

कृष्णद्रव्याच्या प्रभामंडलांचे सैद्धांतिक वितरण मात्र वेगळे आहे. त्याच्या तुलनेत अतिलहान आणि अतिविशाल या दोन्ही टोकांना तारे कमी निर्माण झालेले दिसतात. लहान दीर्घिकांत अतिनवताऱ्यांचे स्फोट आणि मोठ्या दीर्घिकांत केंद्रस्थ कृष्णविवरांची ऊर्जा वायूला तारे बनण्यापासून रोखते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. त्यामुळे दीर्घिकानिर्मितीच्या कोणत्याही सिद्धांताला या वितरणाच्या कसोटीस उतरावे लागते. फिकट पृष्ठभागाच्या खुज्या दीर्घिका सर्वेक्षणांतून निसटत असल्याने, सर्वांत लहान वस्तुमानांची मोजलेली संख्या ही किमान संख्या मानली जाते.