देशोदेशींचा फुटबॉल-गुरू : जिमी होगन

ज्ञानदानाला देशाच्या सीमा अडवू शकत नाहीत, हे आपण थोर पंडितांच्या चरित्रांतून शिकतो. क्रीडांगणावरही या तत्त्वाचा प्रत्यय येतो. जिमी होगन या इंग्रज फुटबॉल-शिक्षकाचे जीवन याची साक्ष देते.

होगन यांचा जन्म 1882 साली इंग्लंडमधील नेल्सन या गावी झाला. बर्नली, फुलहॅम, बोल्टन इत्यादी संघांतून ते खेळले. त्या काळी इंग्लंडात सरावाच्या वेळी खेळाडूंना धावण्याचे व्यायाम देत. चेंडू मात्र क्वचितच मिळे. आठवडाभर चेंडू दुरावला, म्हणजे शनिवारच्या सामन्यात खेळाडू त्यासाठी भुकेला होईल, अशी समजूत होती. होगन यांना हे पटले नाही. ज्या साधनाने कौशल्य प्रकट करावयाचे, त्याचाच अभ्यास टाळून कसे चालेल? चेंडू अलगद अडवणे, तो ताब्यात ठेवणे, जमिनीलगत आखूड पास देणे आणि देताच मोकळ्या जागी सरकणे, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा होता. ते केवळ सांगत नसत. स्वतः करून दाखवीत.

1910 साली त्यांनी हॉलंडमधील डॉर्डरेख्त येथे शिक्षकाचे काम स्वीकारले. पुढे ह्यूगो माइस्ल यांच्या निमंत्रणावरून ते व्हिएन्नाला गेले. 1914 साली महायुद्ध पेटले आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यांना तेथे अटक झाली. नंतर त्यांना बुडापेस्टला जाऊ दिले गेले. तेथे एम. टी. के. या क्लबाच्या तरुण खेळाडूंना त्यांनी घडवले. 1916-17 पासून या क्लबाने लागोपाठ 9 वेळा हंगेरीचे अजिंक्यपद मिळवले. ही मालिका पूर्ण होण्यापूर्वीच होगन स्वदेशी परतले असले, तरी पाया त्यांनी घातला होता.

युद्धानंतर मायदेशात मात्र त्यांच्या वाट्याला उपेक्षा आली. मदत मागावयास गेले असता फुटबॉल संघटनेने त्यांच्या हाती खाकी मोजे ठेवले, असे सांगतात. ते पुन्हा परदेशी गेले. स्वित्झर्लंड, हंगेरी आणि जर्मनी येथे त्यांनी शिकवले. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली ऑस्ट्रियाने रौप्यपदक मिळवले. त्यानंतर इंग्लंडातील ॲस्टन व्हिला संघाला त्यांनी 1938 साली दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून दिले.

25 नोव्हेंबर 1953 रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर हंगेरीने इंग्लंडचा 6-3 असा पराभव केला. ब्रिटिश बेटांबाहेरील संघाकडून स्वभूमीवर झालेला इंग्लंडचा हा पहिलाच पराभव होय. पुश्काश व हिदेगकुटी यांचा तो खेळ पाहावयास एकाहत्तर वर्षांचे होगन तेथे उपस्थित होते. आम्हास फुटबॉल होगन यांनीच शिकवला, असे हंगेरीच्या फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षांनी सामन्यानंतर मुक्तकंठाने सांगितले.

होगन जानेवारी 1974 मध्ये निवर्तले. त्याच वर्षी पश्चिम जर्मनीने विश्वचषक जिंकला. त्या संघाचे मार्गदर्शक हेल्मुट श्योन हे ड्रेस्डेन येथे तरुणपणी होगन यांच्याच हाताखाली शिकले होते.

विद्यार्थिमित्रहो, वेम्ब्लीवर इंग्लंड हरले, पण एका इंग्रज शिक्षकाची विद्या त्या दिवशी विजयी झाली. परक्यांनी ती आदराने घेतली व परिश्रमाने वाढवली. स्वकीयांनी ती दाराशी असून नाकारली. आपल्यातील गुणी माणसाचे मोल ओळखावयास आधी आपण पराभूत व्हावेच लागते काय, याचा प्रत्येकाने विचार करावा.