मत्स्यटाकीत लाकूड ठेवण्यापूर्वी

आपल्यापैकी बऱ्याच कुटुंबांत आता काचेची मत्स्यटाकी असते. टाकीत लाकूड असले की माशांना आडोसा मिळतो आणि शोभाही वाढते. विकतचे लाकूड महाग पडते, म्हणून मुले नदीकाठचे लाकूड उचलून आणतात. ते नीट तयार केले तर वापरायला हरकत नाही. तसेच टाकले तर मात्र मासे दगावू शकतात. म्हणून ही माहिती आम्ही येथे देत आहोत.

निवड : लाकूड पूर्ण वाळलेले व टणक हवे. नख रुतले तर ते कुजलेले समजावे. परसातील पेरूची सुकलेली फांदी सर्वांत सोयीची. काजू, काजरा, कण्हेर आणि चीक येणारी झाडे टाळावीत. खाडीकाठच्या गेवा या झाडाचा पांढरा चीक डोळ्यांत गेल्यास काही काळ दिसेनासे होऊ शकते. मुलांना जरूर सांगावे. खारफुटीला कायद्याचे संरक्षण आहे, तिला हात लावू नये. अभयारण्यातूनही लाकूड आणू नये.

कुठले लाकूड : पेडण्यात केरी, मोरजीच्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या लाकडात मीठ मुरलेले असते. तेरेखोल व शापोरा नद्यांत भरतीचे पाणी बरेच आत चढते, त्यामुळे त्यांच्या काठच्या लाकडाचीही तीच गत. डिचोलीकडे भेगांत खाणीची लाल माती बसलेली असू शकते. कुळागरातील लाकूड शक्यतो नकोच. पावसाळ्यात पोफळीवर बोर्डो मिश्रण फवारतात. त्यात मोरचूद, म्हणजे तांबे असते, आणि ते कोळंबी व गोगलगायींना थोड्या प्रमाणातही घातक ठरते.

तयारी :
१. साल पूर्ण काढावी. भेगांतील माती ताठ ब्रशने घासावी. साबण, फिनेल, व्हार्निश वापरू नये.
२. स्वयंपाकात न लागणाऱ्या भांड्यात एक-दोन तास उकळावे. प्रेशर कुकर वापरू नये. लाकूड मोठे असल्यास त्यावर उकळते पाणी दोन-तीनदा ओतावे.
३. बादलीत दगडाखाली दाबून दोन-तीन आठवडे भिजवावे व पाणी वरचेवर बदलावे. किनाऱ्यावरचे लाकूड याहून जास्त दिवस ठेवावे.
४. लाकूड आपोआप बुडू लागले आणि कुजका वास नसला, की ते तयार झाले. सडक्या अंड्यासारखा वास आला तर टाकून द्यावे.

नंतर : पाणी चहासारखे तपकिरी झाले तर घाबरू नये. तो लाकडातील टॅनिनचा रंग. त्याने पाणी किंचित आम्लधर्मी होते आणि पाणी बदलत राहिल्यास रंग हळूहळू उतरतो. नव्या लाकडावर पांढरा बुळबुळीत थर येतो. तोही सहसा निरुपद्रवी असतो, ब्रशने काढावा. मासे वर येऊन धापा टाकू लागले, तर मात्र लाकूड लगेच बाहेर काढावे आणि टाकीतील निम्मे पाणी बदलावे. बदलायचे पाणी नळाचे असेल तर त्यातील क्लोरीन आधी घालवावे. त्यासाठी लागणारे औषध मासे विकणाऱ्या दुकानात मिळते. ते घरात आधीच आणून ठेवावे.