नावं गावाला ठाऊक होती

जुलै १९६४. मिसिसिपी नदीच्या एका जुन्या, मुख्य प्रवाहापासून तुटलेल्या पात्रातून एक मृतदेह बाहेर काढला गेला. चेनी, गुडमन आणि श्वेर्नर हे नागरी हक्क चळवळीतले तीन तरुण कार्यकर्ते जूनपासून बेपत्ता होते आणि त्यांच्यासाठी एफबीआय सगळा मुलूख पिंजून काढत होती. सापडलेला देह त्या तिघांपैकी कोणाचाच नव्हता. तो एका काळ्या तरुणाचा होता. दुसऱ्या दिवशी आणखी एक सापडला, तोही काळ्या तरुणाचा. बातमीदार पुन्हा त्या तिघांच्या शोधाकडे वळले. कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने त्या उन्हाळ्यावर माहितीपट केला होता, त्यात हा प्रसंग आहे. भलताच मृतदेह निघाला, नोंद झाली आणि विसरला गेला, अशा अर्थाचं निवेदन त्यावर आहे.

चाळीस वर्षांनी सीबीसीचाच एक दिग्दर्शक, डेव्हिड रिजन, ते जुनं चित्रीकरण पाहत असताना त्या निवेदनापाशी अडला. हा तरुण कोण होता, त्याला कोणी मारलं, त्याच्या घरचं कोणी आहे का, असे साधे प्रश्न त्याला पडले. त्यांतून ‘मिसिसिपी कोल्ड केस’ हा २००७ सालचा माहितीपट उभा राहिला आणि त्याच वर्षी कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशद्वेषी संघटनेचा एक म्हातारा सदस्य जन्मठेपेला गेला.

ते दोन देह चार्ल्स मूर आणि हेन्री डी यांचे होते. दोघंही एकोणीस वर्षांचे. चार्ल्स अल्कॉर्न कॉलेजात शिकत होता आणि तिथल्या विद्यार्थ्यांच्या निदर्शनांनंतर त्याला घरी पाठवलं गेलं होतं. २ मे १९६४ रोजी मीडव्हिल या गावाच्या रस्त्याकडेला दोघं कोणाची तरी गाडी मिळण्याची वाट पाहत उभे होते. जेम्स फोर्ड सील नावाच्या माणसाने आपण सरकारी अधिकारी असल्याची बतावणी करून त्यांना गाडीत घेतलं. काळे लोक गुपचूप बंदुका जमवताहेत अशी आवई क्लॅनमध्ये उठली होती. हेन्री काही काळ शिकागोला राहून आला होता, डोक्याला रुमाल बांधायचा. एवढ्यावरून तो त्यांना संशयित वाटला. होमोचिटोच्या जंगलात नेऊन दोघांना फोकांनी बेदम मारलं. बंदुका कुठे आहेत, हा एकच प्रश्न. मार थांबावा म्हणून पोरांनी एका चर्चचं नाव सांगितलं. तिथे झडती झाली, काही सापडलं नाही. मग दोघांना गाडीच्या डिकीत कोंबून नदीपलीकडे लुइझियाना राज्यात नेलं, एकाला जीपच्या इंजिनाचा ठोकळा आणि दुसऱ्याला रेल्वेचे रूळ बांधले आणि पाण्यात सोडलं. तोवर दोघं जिवंत होते.

हे सगळं नंतर कधी तरी उलगडलेलं रहस्य नव्हतं. क्लॅनमधल्याच एका खबऱ्याने त्याच वर्षी एफबीआयला हकिगत सांगितली होती. पाणबुड्यांनी इंजिनाचा ठोकळा आणि रूळ बाहेर काढले होते. नोव्हेंबर १९६४ मध्ये सील आणि चार्ल्स मार्कस एडवर्ड्स या दोघांना अटकही झाली. तूच हे केलंस हे आम्हाला माहीत आहे, असं अधिकारी म्हणाले तेव्हा, हो, पण मी कबूल करणार नाही, तुम्हीच सिद्ध करा, अशा अर्थाचं उत्तर सीलने दिल्याची नोंद एफबीआयच्या कागदांत आहे. जानेवारी १९६५ मध्ये स्थानिक यंत्रणेने आरोप मागे घेतले. दोघं घरी गेले आणि पुढची चाळीस वर्षं त्याच पंचक्रोशीत राहिले.

अशा प्रकरणांना ‘न उलगडलेले गुन्हे’ म्हणण्याची रीत आहे, पण मारेकऱ्यांची नावं पोलिसांना, पाद्र्यांना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक होती. कमी होती ती विचारणाऱ्याची, आणि विचारल्यावर ज्याला टाळता येणार नाही अशा माणसाची. माझ्या मते अशा माहितीपटांची खरी कामगिरी इथे आहे. त्यांनी पुरावे शोधले त्यापेक्षा जास्त काम विचारणारा माणूस मारेकऱ्यांच्या दारात नेऊन उभा करण्याचं केलं.

रिजनने नेलेला माणूस म्हणजे चार्ल्सचे भाऊ थॉमस मूर. खून झाला तेव्हा ते सैन्यात होते. पुढे व्हिएतनामला गेले, तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले आणि कोलोरॅडोत स्थायिक झाले. सुडाचे बेत आपण वर्षानुवर्षं मनात घोळवले, हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. २००५ च्या उन्हाळ्यात ते रिजनबरोबर मिसिसिपीला परतले. सील वारला असं तोवर वर्तमानपत्रांतही छापून आलं होतं. रॉक्सी गावच्या एका पेट्रोल पंपावर मूर एका आप्ताशी बोलत होते आणि सील मेला ना, असा विषय निघाला. तो आप्त सहज म्हणाला की कुठला मेला, तो इथेच तर राहतो, आणि त्याने रस्त्यापलीकडे बोट दाखवलं.

कॅमेरा तेव्हा चालू होता. मूर यांचा चेहरा पाहताना मला वाटलं, हा क्षण कोणत्याही तपास अधिकाऱ्याच्या वहीत आला नसता. एफबीआयने २००० च्या सुमारास प्रकरण पुन्हा उघडून बंदही केलं होतं. मुख्य आरोपी हयात आहे ही गोष्ट मात्र पेट्रोल पंपावरच्या माणसाला विचारली तेव्हा कळली.

पुढचा भाग पाहणं अवघड आहे. मूर यांनी चार्ल्स आणि हेन्रीच्या नावांचा फलक रस्त्याच्या कडेला रोवला. एडवर्ड्स आता चर्चमध्ये डीकन होता. त्याला त्यांनी समोरासमोर गाठलं, त्याने कानांवर हात ठेवले. इथे दिग्दर्शक नुसता साक्षी उरत नाही, घटना घडवू लागतो. पत्रकारितेच्या शिस्तीत वाढलेल्या कोणालाही हे खटकेल, आणि खटकायलाही हवं. उद्या एखादा उथळ माणूस हीच रीत वापरून निरपराधाच्या दारात कॅमेरा नेईल. पण इथे गोष्ट वेगळी होती, कारण आधी एफबीआयची फाईल वाचलेली होती, नावं त्या फाइलीतली होती, आणि विचारणारा मेलेल्या मुलाचा सख्खा भाऊ होता. मूर यांनी केंद्रीय सरकारी वकील डन लॅम्प्टन यांची गाठ घेतली, आणि लॅम्प्टन यांनी जुने कागद पुन्हा बाहेर काढले.

खुनाचा खटला केंद्रीय न्यायालयात चालवता येत नव्हता. मात्र दोघांना राज्याची हद्द ओलांडून नेलं होतं, आणि अपहरण करून हद्द ओलांडणं हा केंद्रीय गुन्हा. जानेवारी २००७ मध्ये सीलवर आरोपपत्र आलं. एडवर्ड्सला माफीचा साक्षीदार केलं गेलं. कोर्टात त्याने सगळं सांगितलं आणि दोन्ही कुटुंबांची क्षमा मागितली. मूर यांनी ती दिली. जूनमध्ये ज्यूरीने सीलला दोषी ठरवलं, ऑगस्टमध्ये तीन जन्मठेपा सुनावल्या गेल्या. फटके मारण्यात सामील असलेला माणूस साक्ष देऊन घरी गेला, हे मला आजही सहन होत नाही. पण त्याच्याशिवाय खटलाच उभा राहिला नसता, हेही तितकंच खरं.

आणि तरी प्रकरण जवळपास हातचं गेलं होतं. १९६४ मध्ये अशा अपहरणाला मृत्युदंड होता, आणि मृत्युदंडाच्या गुन्ह्याला खटल्याची मुदत नसते. पुढे १९७२ मध्ये ती शिक्षा कायद्यातून गेली. मग पाच वर्षांची मुदत मागच्या गुन्ह्यालाही लागू होते, असा बचाव पक्षाने युक्तिवाद केला. २००८ मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी तो मान्य करून शिक्षा रद्द केली. पूर्णपीठापुढे मतं नऊ विरुद्ध नऊ अशी पडली, म्हणून खालच्या कोर्टाचा निकाल टिकला. सर्वोच्च न्यायालयाने हात घातला नाही. सील २०११ मध्ये तुरुंगात मेला.

प्रत्येक माहितीपटाच्या वाट्याला असा शेवट येत नाही. एमेट टिलचं प्रकरण याहून कितीतरी प्रसिद्ध. शिकागोचा हा चौदा वर्षांचा मुलगा ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपीतल्या मनी या खेड्यात नातेवाइकांकडे सुट्टीला आला होता. दुकानातल्या गोऱ्या बाईशी आगाऊपणा केला म्हणून त्याला रात्री घरातून उचललं, हालहाल करून मारलं आणि जिनिंगमधला जड पंखा काटेरी तारेने गळ्यात बांधून टॅलहॅची नदीत टाकलं. त्याच्या आईने, मेमी टिल यांनी, शवपेटी उघडी ठेवली. हजारो माणसं रांगेने येऊन पाहून गेली, ‘जेट’ साप्ताहिकाने तो फोटो छापला. काय केलंय ते जगाने पाहावं, हा त्या माउलीचा निर्णय पुढच्या सगळ्या चित्रीकरणाच्या मुळाशी आहे. ‘आइज ऑन द प्राइज’ या १९८७ च्या गाजलेल्या मालिकेचा पहिला भागही एमेटपर्यंत जातो.

खुनाचे आरोपी रॉय ब्रायंट आणि जे. डब्ल्यू. मिलम यांना फक्त गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने तासाभरात निर्दोष सोडलं. मृतदेह एमेटचाच कशावरून, असा बचाव होता, आणि शवविच्छेदन झालंच नव्हतं. पुढल्या जानेवारीत दोघांनी ‘लुक’ मासिकाकडून पैसे घेऊन खुनाची कबुली छापून आणली. एकदा सुटल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कीथ ब्यूचॅम्प या तरुण माहितीपटकाराने हा फोटो लहानपणी पाहिला होता. तो मेमी टिल यांना भेटला, वर्षानुवर्षं साक्षीदार शोधत राहिला. त्यांतले काही तोवर कधीच बोलले नव्हते. आपल्याजवळचं चित्रीकरण त्याने अधिकाऱ्यांपुढे ठेवलं. स्टॅन्ली नेल्सन यांचा याच खुनावरचा माहितीपट २००३ मध्ये टीव्हीवर येऊन गेला होता, त्याचाही दाब होताच. मे २००४ मध्ये न्याय खात्याने प्रकरण पुन्हा उघडलं. मेमी टिल यांना ते पाहायला मिळालं नाही; त्या जानेवारी २००३ मध्येच गेल्या. जून २००५ मध्ये एमेटची कबर उकरली गेली आणि डीएनएवरून देह त्याचाच असल्याचं ठरलं. बचाव पक्षाचा पन्नास वर्षांपूर्वीचा मुद्दा अशा रीतीने निकालात निघाला. खटल्याच्या कामकाजाची हरवलेली प्रतही तपासात सापडली.

पण २००७ मध्ये ग्रँड ज्यूरीने आरोपपत्राला नकार दिला. २०२२ मध्ये एका कोर्टाच्या तळघरात १९५५ चं, त्या दुकानातल्या बाईच्या नावाचं, कधीच न बजावलेलं वॉरंट सापडलं. शोधणाऱ्यांत ब्यूचॅम्पही होता. ग्रँड ज्यूरीने पुन्हा नकार दिला. ती बाई २०२३ मध्ये वारली. कोणालाही शिक्षा झाली नाही. तरीही मी या प्रयत्नाला अपयश म्हणणार नाही, कारण काय घडलं याची पक्की नोंद आता झाली आहे आणि ती नाकारता येत नाही. नदीकाठच्या एमेटच्या स्मारकफलकावर लोक पुन्हा पुन्हा गोळ्या झाडत होते, म्हणून २०१९ मध्ये तो बुलेटप्रूफ करून लावावा लागला. त्या गावांत अशी नोंद किती लागते, हे त्यावरून कळावं.

माहितीपटांना नसलेलं श्रेय देण्याचीही चूक होते. बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये १५ सप्टेंबर १९६३ रोजी बॉम्बने मारल्या गेलेल्या चार मुलींवर स्पाइक ली यांनी १९९७ मध्ये ‘फोर लिटल गर्ल्स’ केला, आणि त्यामुळे खटला उघडला असं सर्रास म्हटलं जातं. प्रत्यक्षात एफबीआयने त्याआधीच फाईल हातात घेतली होती. लींनी केलं ते निराळं. आईबापांना बसवून त्या मुलींचं रोजचं जगणं, खेळ आणि हट्ट त्यांच्याच तोंडून ऐकवलं. त्या स्फोटासाठी थॉमस ब्लँटनला २००१ मध्ये आणि बॉबी फ्रँक चेरीला २००२ मध्ये जन्मठेप झाली.

टिलच्या नावाने २००८ मध्ये कायदा झाला आणि जुने वंशद्वेषी खून तपासण्याचं काम न्याय खात्यावर सोपवलं गेलं. शंभराहून अधिक प्रकरणं तपासली, त्यांतली बहुतेक आरोपी मरण पावल्यामुळे बंद झाली. मूर आणि डी यांच्या कुटुंबीयांनी फ्रँकलिन काउंटीवर दावा लावला होता. तिथले तेव्हाचे शेरीफ क्लॅनला सामील होते असं त्यांचं म्हणणं. २०१० मध्ये काउंटीने तडजोड केली. खुन्याला शिक्षा झाली म्हणून यंत्रणा सुटत नाही, हे त्या दाव्याने दाखवलं.

न्यू जर्सीतल्या हाइट्सटाउन हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी या फाइली सामान्य माणसाला मिळत नाहीत हे पाहून स्वतः विधेयकाचा मसुदा लिहिला. जानेवारी २०१९ मध्ये त्याचा कायदा झाला: सरकारी दप्तरांतले कागद तपासून खुले करायला स्वतंत्र मंडळ. सिनेटमध्ये तो पुढे नेणारे डग जोन्स हेच ब्लँटन आणि चेरीला शिक्षा मिळवून देणारे सरकारी वकील. ब्लँटनच्या स्वयंपाकघरात एफबीआयने १९६४ मध्ये लपवलेल्या यंत्रावर त्याचं बोलणं टिपलं गेलं होतं. २००१ च्या खटल्यात ती टेप निर्णायक ठरली. १९७७ मध्ये याच स्फोटाचा पहिला खटला चालवणाऱ्या वकिलांना ती असल्याचं सांगितलंही गेलं नव्हतं. त्या वर्षी एकट्या रॉबर्ट चँब्लिसला शिक्षा झाली. ब्लँटन आणखी चोवीस वर्षं मोकळा फिरला, आणि चौथा संशयित हर्मन कॅश १९९४ मध्ये खटल्याविनाच मेला.