बिलाचा कागद नीट वाचा

गेल्या आठवड्यात माझ्या रुग्णालयात एक शेतकरी गृहस्थ आले. तपासून घ्यायला नव्हे, तर मोठ्या भावाच्या अँजिओप्लास्टीचे बिल दाखवायला. "डॉक्टर, दुभती गाय विकून पैसे भरले. एवढे कशाचे लागले, तेवढे सांगा," म्हणाले.

मी बिल पाहिले. स्टेंटची किंमत सरकारी मर्यादेतच होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने साध्या स्टेंटला ७,२६० आणि औषधयुक्त स्टेंटला २९,६०० रुपयांची कमाल मर्यादा घातली. पुढे ती वेळोवेळी बदलली. पण या बिलात 'इतर साहित्य' या एकाच ओळीपुढे मोठा आकडा होता, तपशील काहीच नव्हता. एका वस्तूचा भाव बांधला की खर्च दुसऱ्या रकान्यात सरकू शकतो, तो असा.

भाजी महाग वाटली तर आपण पुढच्या गाडीकडे जातो. छातीत कळ आलेला माणूस भाव विचारत हिंडत नाही. म्हणून येथे नुसत्या स्पर्धेवर विसंबून चालत नाही.

मे २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, महाराष्ट्र शासनाने खासगी रुग्णालयांचे दिवसाचे दर बांधले: वॉर्डसाठी ४,०००, अतिदक्षता विभागासाठी ७,५०० व व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. तरीही बिले तपासायला ठिकठिकाणी लेखापरीक्षक नेमावे लागले. दर बांधणे सोपे, पाळले जातात की नाही हे पाहणे कठीण.

जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारले. रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. खरे सांगतो, माझ्या आठ खाटांच्या रुग्णालयात दरपत्रक लावताना मलाही जड गेले होते. सरसकट एकच दर बांधला, तर आमच्यासारखी लहान रुग्णालये बंद पडून मोठ्यांचीच मक्तेदारी वाढेल, ही भीती आजही आहे. पण दर उघड सांगायला भिण्याचे कारण नाही.

तेव्हा वाचकहो, तातडीची वेळ नसेल तर आधी अंदाजपत्रक मागा. शेवटी तपशीलवार बिल घ्या. 'इतर' म्हणजे काय, हे जरूर विचारा. उत्तर न मिळाल्यास स्थानिक आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा.

त्या गृहस्थांना तपशील मागणारा अर्ज मी लिहून दिला. गाय परत येणार नाही, पण हिशेब तरी मिळायला हवा.