नवकारशीनंतरची फळांची न्याहारी

नातू बेकरीच्या केकसाठी हट्ट धरू लागला, तेव्हा पुण्यातील एका व्यापारी कुटुंबातील सूनबाईंनी ओव्हनमध्ये फळांची न्याहारी करून पाहिली. अंडे, मध व अंजीर वर्ज्य. रात्री भिजवलेले ओट्स सकाळी शिळे, म्हणून तेही अभक्ष्य. सूर्योदय होताच त्यांनी २ पिकली केळी कुस्करून १ वाटी ओट्स, १ वाटी दूध, सफरचंदाच्या फोडी, वेलची व चिमूटभर सोडा मिसळला. अंड्याऐवजी केळ्यानेच मिश्रण बांधून धरले. पहिल्या खेपेस गरम असतानाच कापल्याने मधला भाग विसकटला होता. या वेळी १८० अंशांवर ३५ मिनिटे भाजून १० मिनिटे निवू दिले. तोवर सूर्योदयानंतरची ४८ मिनिटे सरली होती. आजींनी नवकारशीचे पच्चक्खाण पारले आणि पहिला तुकडा नातवाच्या हाती ठेवला.